उरलेले पंधरा कंदील : कॉलेजच्या उद्योजकता क्लबात धंदा खरंच शिकायला मिळतो का?

प्रश्न : काका, मी दादरच्या एका कॉलेजात एस. वाय. बी. कॉम. ला आहे. यंदा आमच्याकडे उद्योजकता क्लब सुरू होतोय आणि मला सेक्रेटरी केलंय. बाबा बेस्टमध्ये आहेत, घरात आजवर कोणी धंदा केलेला नाही. आई विचारते, यातून धंदा खरंच कळतो, की नुसते कार्यक्रम करण्यात वर्ष जातं? मला तिला खरं उत्तर द्यायचंय. आणि कळत असेल, तर क्लबने नक्की काय करावं?

उत्तर :

आईने नेमकं बोट ठेवलंय. भांडुपला माझा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा गाळा आहे. सत्तावीस वर्षं तोच धंदा करतोय, आणि गेली बारा-तेरा वर्षं मुंबईतल्या तीन-चार कॉलेजांच्या क्लबांत मुलांबरोबर बसतो. तिला सांग, दोन्ही होतं. काही क्लबांतून मुलं तीन वर्षं राहून, डझनभर कार्यक्रम उभे करून बाहेर पडतात आणि त्यांना एक साधी वस्तू कितीला पडते ते सांगता येत नाही. काही क्लबांत सहा महिन्यांत एखादी मुलगी असा हिशोब मांडते, की मी तो माझ्या हिशोबनिसाला नेऊन दाखवतो. फरक कशाने पडतो ते मी इतक्या वर्षांत पुनःपुन्हा बघितलंय. अनोळखी माणसाच्या खिशातले पैसे मुलांच्या हातात आले का, आणि नंतर सगळ्यांनी एकत्र बसून त्या पैशांचा हिशोब मांडला का, एवढंच बघायचं.

घरात कोणी धंदा केलेला नाही, असं तू लिहिलंस. म्हणून आधी धंद्याच्या घरातलं मूल काय वेगळं शिकतं ते बघ. मस्जिद बंदरला घाऊक दुकान असलेल्या घरातली मुलगी दहाव्या वर्षापासून जेवताना ऐकत असते, की अमक्याकडे पैसे अडकलेत, हळद चढलीये, माल दिवाळीपर्यंत धरून ठेवायचा की आत्ताच काढून टाकायचा. तिला कोणी शिकवायला बसत नाही. पण कानावर पडत राहतं, आणि वीस वर्षांची होईतो उधारी, भाव, हंगाम या गोष्टी तिच्या अंगात मुरलेल्या असतात. आमच्या घरात जेवताना बोलणं व्हायचं ते पगाराचं आणि बोनसचं. माझे वडील गिरणीत होते, १९८२च्या संपात घरी बसले. पैसा महिन्याच्या ठरलेल्या तारखेला येतो किंवा मग येतच नाही, एवढंच मला ठाऊक होतं. गाळा घेतल्यावर पहिल्या दोन वर्षांत मी ज्या चुका केल्या, त्यातल्या निम्म्या एखाद्या दुकानदाराच्या मुलाने केल्याच नसत्या. चांगला क्लब ही जेवणाच्या वेळची बोलणी नोकरदारांच्या मुलांना मिळवून देतो. माझ्या लेखी त्याचं सगळ्यात मोठं काम हेच.

आता एक उदाहरण जवळून सांगतो, कारण त्यात बरंच काही आहे.

पश्चिम उपनगरातल्या एका कॉलेजच्या नऊ मुलांनी दिवाळीला कंदिलाचं किट करायचं ठरवलं. चांदणीच्या आकाराच्या कंदिलाला लागणाऱ्या बांबूच्या कामट्या, पतंगी कागद, झिरमिळ्या, दोरा, डिंकाची बाटली आणि कृतीचा कागद, सगळं एका खोक्यात. कागद अब्दुल रहमान स्ट्रीटवरून आणला, खोकी माझ्याकडून घेतली. खोक्यांचे पैसे मी बाजारभावाने लावले. फुकट दिली असती तर त्यांचा हिशोब तिथेच खोटा झाला असता. एक किट ६२ रुपयांना पडलं. त्यांनी १२० किटं केली, विक्रीची किंमत १५० ठेवली आणि एका सोसायटीच्या दिवाळी मेळ्यात दोन दिवसांसाठी टेबल घेतलं.

पहिल्या दिवशी फलकावर लिहिलं होतं, ‘पर्यावरणपूरक आकाशकंदील किट’. लोक थांबायचे, खोकं उचलून बघायचे, ‘तयार नाही का?’ विचारायचे आणि पुढे जायचे. रात्रीपर्यंत २१ किटं गेली. मी तिथे होतो, पण मुद्दामच काही बोललो नाही. आवराआवर करताना एका मुलाच्या लक्षात आलं, की ज्यांनी घेतलं त्या बहुतेकांच्या हाताला लहान मूल होतं. दुसऱ्या दिवशी फलक बदलला : ‘मुलांबरोबर घरी करा, अर्ध्या तासात’. दुपारपर्यंतच आदल्या दिवसाच्या दुप्पट विक्री झाली. पोरं खुशीत होती. आणि चार वाजता एक बाई परत आल्या, हातात अर्धवट कंदील. ‘अर्धा तास कसला, दोन तास गेले आमचे. आणि ही कामटी मोडली, आता काय करू?’ टेबलावरचा मुलगा गोरामोरा झाला. घड्याळ लावून एखादं किट करून बघायचं त्या नऊ जणांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. त्याने बाईंची माफी मागितली, दोन जादा कामट्या दिल्या आणि त्यांच्यासमोरच फलकावरचं ‘अर्ध्या तासात’ खोडून टाकलं. गिऱ्हाईक कोण, ते मुलांना पहिल्या दिवशी कळलं आणि गिऱ्हाइकाला दिलेला शब्द म्हणजे काय, ते दुसऱ्या दिवशी. मार्केटिंगच्या पेपरात या दोन्हींवर प्रश्न असतात, पण त्या बाईंचा चेहरा त्यात नसतो.

पुढच्या शनिवारी आम्ही वर्गात हिशोबाला बसलो. खजिनदाराने फळ्यावर लिहिलं : जमा १३,३००, मालाचा खर्च ७,४४०, नफा ५,८६०. टाळ्या पडल्या. मी विचारलं, टेबलाचं भाडं कुठंय? ते १,५०० होतं. टेम्पो आणि टॅक्सीचे १,१००, फलक आणि छपाईचे ९००. हे सगळं ‘कॉलेजने दिलं’ म्हणून धरलंच नव्हतं. वजा केल्यावर २,३६० उरले. मग विचारलं, किती जणांनी किती तास काम केलं? नऊ जण, दोन दिवस किटं भरायला, दोन दिवस विकायला, रोजचे सरासरी पाच तास. म्हणजे १८० तास. फळ्यावर भागाकार झाला आणि तासाला तेरा रुपये आले. वर्गात एकदम शांतता झाली. मागून कोणीतरी म्हणालं, ‘सर, यात वडापावपण येत नाही.’

ती शांतता फार मोलाची असते. धंद्यात स्वतःच्या घामाची किंमत शून्य धरायची खोड मोडायला माझी चार वर्षं गेली होती. त्या मुलांची एका शनिवारी मोडली.

पण गंमत पुढेच आहे. ७८ किटं पूर्ण किमतीला गेली होती, २० शेवटच्या तासाभरात ८० रुपयांना काढली होती, सात मित्रांनी ‘नंतर देतो’ म्हणून नेली होती आणि १५ उरली होती. उरलेल्या पंधरांचं काय करायचं, यावर वाद सुरू झाला. एक जण म्हणाला, ९३० रुपयांचा माल आहे, तो शिलकीत दाखवायला हवा. आता तू कॉमर्सची आहेस, अखेरची मालशिल्लक कशी धरायची तो नियम तुला पाठ असेल : खरेदी किंमत किंवा बाजारभाव, दोन्हींतलं जे कमी ते. त्या वर्गातही तो सगळ्यांना पाठ होता. मी विचारलं, भाऊबीज होऊन गेल्यावर आकाशकंदिलाचा बाजारभाव किती? कोणी बोलेना. शेवटी खजिनदाराने स्वतःच ९३० पुसून शून्य लिहिलं. अकरावीपासून पाठ केलेलं वाक्य त्याला त्या क्षणी समजलं, हे मला त्याच्या तोंडावर दिसत होतं.

आणि तेवढ्यात एका मुलीने विचारलं, ‘सर, हा आकार चांदणीचाच आहे ना? नाताळला चालेल की!’ ती मालाडला ऑर्लेम या ख्रिस्ती वस्तीजवळ राहायची. किटांतला केशरी कागद काढून पांढरा आणि लाल घातला, खोक्यावर नवी चिठ्ठी चिकटवली आणि नाताळच्या आधीच्या रविवारी तिने तिच्या आळीत १५पैकी १३ चांदण्या शंभर-शंभरला विकल्या. शून्य झालेला बाजारभाव परत उभा राहिला. माल तोच होता, फक्त हंगाम आणि गिऱ्हाईक बदललं होतं. त्या मुलीचे वडील रिक्षा चालवतात. आज ती शाळांना हस्तकलेचं सामान पुरवते आणि खोकी माझ्याकडूनच घेते, म्हणून तिचं मला इतकं तपशिलात आठवतं.

राहिली सात जणांची उधारी, १,०५० रुपये. मैत्रीत मागायला लाज वाटायची. फेब्रुवारीपर्यंत चौघांनी दिले, तिघांचे बुडाले. याबद्दल मी मुलांना माझंच उदाहरण देतो. एका मोठ्या गिऱ्हाइकाने माझं बिल पाच महिने थकवलं होतं आणि त्या पाच महिन्यांत मी कामगारांचे पगार बायकोच्या दागिन्यांवर कर्ज काढून दिले. लघुउद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत असा कायदा २००६चा आहे, पण कायदा दाखवून पैसे मागितले तर पुढची ऑर्डर जाते, ही भीती प्रत्येक लहान कारखानदाराच्या पोटात असते. उधारी कोणाला द्यायची, किती द्यायची आणि ती मागायची कशी, हे एकवीस वर्षांच्या आत १,०५० रुपयांत शिकायला मिळालं तर ते स्वस्त पडलं असं मी म्हणेन.

कार्यक्रमांबद्दल. त्यांतून काहीच मिळत नाही असं मी म्हणणार नाही. फेस्टिव्हलसाठी स्पॉन्सर मिळवायला पन्नास दुकानदारांना फोन करणं आणि अठ्ठेचाळीस नकार ऐकून एकोणपन्नासावा फोन तितक्याच हसऱ्या आवाजात करणं, ही विक्रीची उत्तम तालीम आहे. माझी अडचण वेगळी आहे. कार्यक्रमाला जमलेले पैसे कार्यक्रमातच खर्च होतात. त्यात परत येणारं गिऱ्हाईक नसतं, उरलेला माल नसतो, कोणी कामटी मोडली म्हणून परत येत नाही. त्यामुळे माणसं जमवणं आणि वेळ पाळणं येतं, पण पडत (म्हणजे वस्तू आपल्याला कितीला पडली ते), भाव आणि उधारी यांची ओळखच होत नाही. वर्षाला एक कार्यक्रम करा, चांगला करा. सहा करू नका.

बिझनेस प्लॅनच्या स्पर्धांचंही थोडंफार असंच. आयआयटी मुंबईचा ई-सेल, म्हणजे तिथला उद्योजकता क्लब, १९९८पासून आहे आणि त्यांची ‘युरेका’ ही स्पर्धा देशभर माहीत आहे. तुमच्या मुलांनी तिथे जरूर जावं, जाऊन बघावं, कारण प्रश्न कसे विचारले जातात ते तिथे कळतं. पण पवईत त्या क्लबच्या मागे प्रयोगशाळा आहेत, आणि २००४पासून ‘साइन’ नावाचं स्वतंत्र केंद्र आहे, जे नव्या कंपन्यांना जागा आणि आधार देतं. ड्रोन बनवणारी आयडियाफोर्ज तिथल्याच माजी विद्यार्थ्यांनी २००७ साली काढली, आणि ती शेअर बाजारात आली २०२३ला. सोळा वर्षं लागली. दादरच्या कॉमर्स कॉलेजाने त्याची नक्कल करायला जाऊ नये. तुमची प्रयोगशाळा तुमच्या फाटकाबाहेर आहे. पहाटे पाचला उठून स्टेशनजवळच्या फूलबाजारात जा. झेंडूचा पहाटेचा भाव लिहा, आठचा लिहा, दुपारी बाराचा लिहा. विकणाऱ्याला विचारा, भाव कधी पाडायचा हे तो कशावरून ठरवतो. नाशवंत मालाची किंमत कशी उतरते, यावर इतकं जिवंत व्याख्यान मी दुसरीकडे ऐकलेलं नाही.

व्याख्यात्यांचं निघालंच आहे तर सांगतो. मोठ्या नावाच्या मागे धावण्याआधी तुमच्या कॅन्टीनवाल्यांना एक तास बसवून घ्या. एका कॉलेजात आम्ही बसवलं होतं. चहात जेमतेम खर्च निघतो आणि कमाई कशात होते, ते त्यांनी सांगितलं. सुट्टीत भाडं कसं भरतात, तेही सांगितलं. मग म्हणाले, ‘पावसाची सुट्टी जाहीर होते सकाळी, आणि आमचे बटाटे पहाटेच उकडलेले असतात.’ त्या बटाट्यांचं मग काय करता, यावर अर्धा तास चर्चा चालली. मुलांनी तिथल्या तिथे तीन उपाय सुचवले, त्यातला एक ते अजून वापरतात. यशस्वी उद्योजकाच्या भाषणात बटाटे सहसा येत नाहीत.

गिऱ्हाइकाला काय विचारायचं, हा शिकण्याचा आणखी एक मोठा भाग. काही मुलांना पेइंग गेस्ट राहणाऱ्या मुलामुलींसाठी डब्याचं ॲप काढायचं होतं. त्यांनी गूगल फॉर्म फिरवला, ‘असं ॲप आलं तर वापराल का?’ दोनशेहून जास्त उत्तरं आली, बहुतेक सगळी ‘हो’. ही उत्तरं घेऊन ते माझ्याकडे आले. मी म्हटलं, आता यांच्यापैकी प्रत्येकाकडून शंभर रुपये आगाऊ मागा. सहा जणांनी दिले. मुलं खचली, पण सहाचा आकडा खरा होता आणि दोनशेचा नव्हता. मग त्यांना दुसरा प्रश्न विचारायला लावला : ‘गेल्या आठवड्यात रोज रात्री काय जेवलात?’ विलेपार्ल्यात आणि अंधेरीत बावीस जणांना भेटून त्यांनी ते वहीत उतरवलं. त्यातून दिसलं, की सोमवार ते शनिवार खाणावळी आहेत, कोणाचंही फारसं अडत नाही. अडतं ते रविवारी रात्री, कारण बहुतेक खाणावळी तेव्हा बंद असतात. मुलांनी ॲपचा नाद सोडला. पार्ल्यातल्या एका मावशींकडून, ज्यांची एफएसएसएआयची, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याची नोंदणी होती, फक्त रविवारचे रात्रीचे डबे घेऊन पोहोचवायला लागले. सुरुवातीला सहा, दोन महिन्यांत वीस-बावीस. आणि एका रविवारी मावशींच्या भाचीचं लग्न निघालं. एकाच माणसावर सगळा माल अवलंबून असला की काय होतं, ते त्या रात्री बावीस फोन घेताना कळलं.

‘वापराल का?’ हा प्रश्न माणसाला चांगलं वागायला भाग पाडतो, म्हणून तो निरुपयोगी आहे. मुलांनी मागच्या आठवड्याबद्दल विचारावं आणि नंतर आगाऊ पैसे मागावेत. क्लबातल्या प्रत्येक नव्या मुलाकडून मी पहिल्या महिन्यात एवढंच करून घेतो.

आईला भीती असेल ती पैसे बुडण्याची. ती दूर करता येते. सरस सरस्वती या संशोधक बाईंनी सत्तावीस मुरलेल्या उद्योजकांच्या विचारपद्धतीचा अभ्यास केला. त्यांना आढळलं, की ही माणसं किती नफा होईल या अंदाजावर उडी मारत नाहीत. किती नुकसान परवडेल ते आधी ठरवतात आणि तेवढ्यातच खेळतात. आपल्या आयांना हे वेगळं सांगायला नको, त्या घरखर्च असाच चालवतात. क्लबात प्रत्येकाने दोनशे-तीनशे रुपये वर्गणी काढावी आणि हे पैसे पूर्ण गेले तरी चालतील असं पहिल्याच दिवशी बोलून घ्यावं. गिरगावात १९५९ साली सात बायकांनी लिज्जत पापड सुरू केला तो ८० रुपये उसने घेऊन, आणि पहिल्या दिवशी त्यांची चार पाकिटं झाली होती. तुमचा पहिला माल बारा किटांचा असला तरी काही बिघडत नाही. १२० करणं हीच त्या नऊ जणांची पहिली चूक होती, आणि मीही ती होऊ दिली.

प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. विद्यार्थ्यांनी वर्षभर छोटी कंपनी चालवायची, ही कल्पना अमेरिकेत १९१९पासून आहे. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी अशाच एका कार्यक्रमाचा अभ्यास केला, तो २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात असं निघालं, की मुलांच्या उद्योजकीय कौशल्यात म्हणावी तशी वाढ झाली नाही आणि स्वतःचा धंदा काढायची इच्छा तर कमी झाली. क्लब चालवणारे हे सहसा सांगत नाहीत. मला ते वाचून वाईट वाटलं नाही. इच्छा कमी होणाऱ्यांत असेही असतात, ज्यांना स्वतःला काय झेपतं ते कळलेलं असतं, आणि ते बावीसाव्या वर्षी कळणं घरावर कर्ज काढल्यानंतर कळण्यापेक्षा बरं. कंदिलाच्या हिशोबातला तो खजिनदार आज एका बँकेत लघुउद्योगांची कर्जप्रकरणं बघतो. समोरच्या माणसाची मालशिल्लक कागदावर किती आणि बाजारात किती, हे तो विचारतो. तोही त्याच वर्गात शिकला. कौशल्याबद्दलचा निष्कर्ष मात्र मी गंभीरपणे घेतो. नुसती कंपनी चालवून भागत नाही, हिशोबाला बसवणारं कोणीतरी लागतं. तो शनिवार नसता तर त्या नऊ जणांनी ५,८६० रुपये नफा झाला असंच जन्मभर सांगितलं असतं.

आता कायद्याचं, थोडक्यात. तुमच्यात अकरावी-बारावीची मुलं असतील तर लक्षात ठेव, १८७२च्या करार कायद्याप्रमाणे अठराच्या आतल्या व्यक्तीने केलेला करार टिकत नाही. तेव्हा टेबल, माल, जे काही ठरवायचं ते मोठ्यांच्या किंवा कॉलेजच्या नावाने. मित्रमैत्रिणी मिळून काही पुढे चालवणार असाल तर एक पानाचा करार लिहाच. १९३२च्या भागीदारी कायद्यात असं आहे, की वेगळं काही ठरलेलं नसेल तर नफा-तोटा सगळ्यांत सारखा वाटायचा, कोणी कमी राबलं आणि कोणी जास्त तरीही. तिघांपैकी एक सीएच्या आर्टिकलशिपला, म्हणजे उमेदवारीला निघून गेला आणि मग वाटणीवरून बोलणंच बंद झालं, असं मी दोनदा बघितलंय. दोन्ही वेळा माणसं वाईट नव्हती, कागद नव्हता. खाण्याचं काही विकायचं तर एफएसएसएआयची नोंदणी घरगुती पातळीलाही लागते. फूटपाथवर टेबल टाकायचं मनात आणू नका, महापालिकेच्या परवान्याशिवाय तिथे विकता येत नाही. सोसायटी, शाळा, कॉलेज यांची लेखी परवानगी घ्या. जीएसटीची धास्ती या पायरीवर नको, राज्यातल्या राज्यात वस्तू विकणाऱ्याला ती नोंदणी वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही. आणि तुमच्या प्राचार्यांना केंद्र सरकारचं २०१९चं विद्यार्थ्यांसाठीचं नवोन्मेष आणि स्टार्टअप धोरण दाखव. हजेरी कमी पडलेल्या विद्यार्थी-उद्योजकाला परवानगीने परीक्षेला बसू द्यावं, कंपनी नोंदवायला कॉलेजचा पत्ता वापरू द्यावा, अशा शिफारशी त्यात आहेत.

क्लबचे पैसे कोणाच्याही खासगी यूपीआयवर घेऊ नका. यावर मी अडून बसतो. एका क्लबात खजिनदाराच्या क्यूआर कोडवर सगळी विक्री जमा झाली. त्याच आठवड्यात त्याच्या मोबाइलची काच फुटली आणि त्याने त्या खात्यातून ती बदलून घेतली. नंतर भरणारच होता, आणि भरलेही. पण मध्ये चार दिवस आकडा जुळत नव्हता, आणि तेवढ्यात त्याला चोर ठरवून झालं. पोरगा सरळ होता, तरी क्लब सोडून गेला. तेव्हा मी दोन दिवस आधी हिशोब मागितला असता तर हे घडलं नसतं, याची मला अजून टोचणी आहे. कॉलेजच्या लेखा विभागाकडून क्लबसाठी वेगळी पावती आणि वेगळा क्यूआर घ्या, आणि रोज संध्याकाळी दोघांनी मिळून आकडा वहीत उतरवून सही करा.

आणि ही वही पुढच्या वर्षाला द्या. कॉलेजच्या क्लबांचं सगळ्यात मोठं दुखणं कोणतं असेल तर त्यांना आठवण नसते. जूनमध्ये नवी कमिटी येते, गणपती, दिवाळी, फेब्रुवारीचा फेस्टिव्हल, मग परीक्षा, आणि टी. वाय.ची मुलं शिकलेलं सगळं बरोबर घेऊन निघून जातात. पुढच्या जूनला नवी मुलं पुन्हा १२० किटं भरायला बसतात. ज्या दोन क्लबांत वही टिकली, तिथली मुलं तिसऱ्या वर्षी असे प्रश्न विचारायला लागली, की मला गाळ्यावर जाऊन विचार करावा लागला. वहीत पराक्रम नकोत. काय मागवलं, कोणाकडून, कितीला पडलं, काय उरलं, कोण परत आलं आणि काय म्हणालं, बस.

तेव्हा तू असं कर. पहिल्या बैठकीत पदांची वाटणी करू नकोस. तिघातिघांचे गट पाड, प्रत्येक गटाला पाचशे रुपये आणि पंधरा दिवस दे, आणि नातेवाईक सोडून कोणालाही काहीही विकायला सांग. गणपतीच्या आधी हा एक फेरा होऊन जाऊ दे. सोळाव्या दिवशी सगळ्यांना फळ्यासमोर बसव. आईलाही त्या दिवशी बोलव, बाबांची रजा जुळत असेल तर त्यांनाही. घरखर्चाची वही वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्या माणसाला फळ्यावरची चूक आधी दिसते.

हिशोब झाला की फळ्याचा फोटो मला पाठव. भाडं, येणंजाणं आणि कामाचे तास धरलेले असू देत, आणि उधारीचा रकाना वेगळा ठेव.